मशीन नंतर बघा, आधी ग्राइंडर ठरवा



"मॅडम, कॉफीचं काउंटर टाकायचंय, कुठलं मशीन घेऊ?" डहाणू, बोईसर, वाणगाव, तलासरी, सगळीकडून हाच प्रश्न येतो. विचारणारे कोण? कुणाचं किनाऱ्यालगत होमस्टे आहे, कुणाची चिकूची वाडी आहे आणि वाडीच्या तोंडाशी एक शेड रिकामी पडलीय, कुणाचं बेकरीचं दुकान आहे. शनिवार-रविवारी मुंबई आणि सुरतकडच्या गाड्या येतात, लोक चहाबरोबर "कॅपुचिनो मिळेल का?" विचारतात. मग रात्री मोबाईलवर चकचकीत मशीनचे व्हिडिओ बघणं सुरू होतं.

माझं मत मी सुरुवातीलाच सांगून टाकते. पैसे कमी असतील तर मशीन साधं घ्या, ग्राइंडर चांगला घ्या. आणि तुमच्या गिऱ्हाइकाला खरी एस्प्रेसो नकोच असेल, तर दोन्ही घेऊ नका. मी ग्राइंडर विकत नाही, कुणाकडून कमिशन घेत नाही. त्यामुळे खाली जी नावं येतील ती फक्त उदाहरणं समजा.

आधी हे ठरवा: कुठली 'एक्सप्रेसो'?

आपल्याकडे लग्नात, जत्रेत जी 'एक्सप्रेसो कॉफी' मिळते ती म्हणजे इन्स्टंट कॉफी, साखर, गरम दूध, वाफेने आणलेला फेस आणि वर भुरभुरलेली कोको पावडर. लोकांना ती आवडते, त्यात कमीपणा काही नाही. तिला बिया दळायची गरजच नाही. तुमचं ८० टक्के गिऱ्हाईक तेच मागत असेल तर तुमचा खर्च वाफेच्या मशीनवर आणि दुधावर झाला पाहिजे. ग्राइंडर हा विषय तिथेच संपतो.

खरी एस्प्रेसो वेगळी. भाजलेल्या बिया त्याच क्षणी बारीक दळायच्या, साधारण १८ ग्रॅम पूड दाबून बसवायची, तिच्यातून ९ बारच्या आसपास दाबाने ९०-९५ अंशांचं पाणी ढकलायचं, आणि २५-३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम कॉफी कपात यायला हवी. कॅपुचिनो, लाटे, अमेरिकानो हे सगळे हिच्यावरच उभे आहेत.

आता हा आकडा बघा: २५-३० सेकंद. हा वेळ कोण ठरवतं? मशीन नाही. मशीनचा दाब तोच, पाणी तेच. पाणी किती वेगाने जाणार हे पुडीचा बारीकपणा ठरवतो. पूड जाडी राहिली तर १०-१२ सेकंदांत पाणी सटकून जातं, कॉफी आंबट आणि पाणचट. जास्त बारीक झाली तर थेंब थेंब पडत मिनिट लागतं, कॉफी कडू जहर. लाखाचं मशीन असो की वीस हजारांचं, दोघांनाही पूड नीट लागते. वीस हजारांच्या मशीनवर चांगल्या पुडीची कॉफी बऱ्यापैकी निघते. लाखाच्या मशीनवर वाईट पुडीची कॉफी वाईटच निघते. म्हणून ग्राइंडर आधी.

गिरणीवरून समजून घ्या

घरातल्या मिक्सरचं पातं कापत नाही, फोडतं. काही दाणे पीठ होतात, काही कण्या राहतात. चटणीला ते चालतं, एस्प्रेसोला चालत नाही. कण्यांतून पाणी पळतं आणि पिठातून कडवटपणा उतरतो, दोन्ही एकाच कपात. तीन-चारशे वॅटचे 'कॉफी ग्राइंडर' म्हणून मिळणारे पात्याचे डबेसुद्धा मिक्सरच आहेत, फक्त आकार लहान.

आपल्याला हवा तो 'बर' वाला ग्राइंडर. बर म्हणजे दात असलेल्या दोन स्टीलच्या चकत्या. जात्याचे दोन दगड असतात तसंच: एक स्थिर, एक फिरता, आणि मधलं अंतर जेवढं, तेवढी पूड बारीक. गिरणीवाल्याला आपण सांगतोच ना, भाकरीला बारीक, लाडवाला रवाळ? तो दगडांतलं अंतर बदलतो. इथेही तेच, फक्त अंतर मायक्रॉनमध्ये मोजायचं. आपल्या केसाची जाडी ढोबळमानाने ७० मायक्रॉन धरली, तर एस्प्रेसोत १०-२० मायक्रॉनचा फरक कपाच्या वेळेत काही सेकंदांनी दिसतो. आपल्या चिंचणी-वरोर पट्ट्यात दागिन्यांच्या डाय बनवणारे कारागीर आहेत, त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. स्टीलमधला बारीकसा फरक मालात दिसतो हे त्यांचं रोजचं काम आहे.

म्हणून ग्राइंडर बघताना पहिला प्रश्न वॅट किती हा नाही. पहिला प्रश्न: अंतर किती छोट्या टप्प्यांत बदलता येतं? काही ग्राइंडरना ठरावीक खाचा असतात, काहींना खाचा नसतात, चाक कुठेही थांबतं. बरॅटझा एन्कोर हा ४० खाचांचा ग्राइंडर जगभर विकला जातो, चांगलाही आहे, पण तो मुळात फिल्टरसारख्या कॉफीसाठी बनलाय. एस्प्रेसोच्या पट्ट्यात त्याच्या खाचा फार लांब लांब पडतात. एका खाचेवर १८ सेकंद, पुढच्यावर ४०, आणि तुम्हाला हवेत २८. कंपनीने नंतर एस्प्रेसोसाठी एन्कोर ईएसपी वेगळा काढला, त्यात बारीक बाजूच्या खाचा जवळ जवळ आहेत. दोघांची नावं जवळजवळ सारखी, काम वेगळं. 'ऑल पर्पज' लिहिलेल्या खोक्याला भुलू नका.

दुसरा प्रश्न, बर शंकूसारखा की चपटा? इंटरनेटवर यावर महाभारत चालू असतं. ढोबळ सांगायचं तर शंकूचे बर हळू फिरले तरी चालतात, आवाज कमी, आणि कॉफी जरा दाट लागते. चपट्या बरमध्ये चवी सुट्या सुट्या कळतात असं म्हणतात. दूध घालून कॉफी विकणाऱ्या दुकानाला हा फरक गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाही. त्यावर डोकं शिणवू नका.

घरासाठी: हात चालवा

घरी दिवसाला दोन-तीन कप होणार असतील तर माझा सल्ला एकच: चांगला हातग्राइंडर. तैवानच्या वनझेडप्रेसोचे, चीनच्या टाइममोरचे असे बरेच येतात. एस्प्रेसोसाठी घेताना एवढंच बघा की एका टिचकीला अंतर १०-२० मायक्रॉनच्या आसपास सरकतं का. त्याच कंपनीचं स्वस्त मॉडेल फिल्टर कॉफीसाठीच असू शकतं, म्हणून मॉडेलचं नाव नीट वाचा.

हातग्राइंडरमध्ये मोटर नाही, म्हणजे तुमचे सगळे पैसे बर आणि बेअरिंगवर जातात. त्याच दर्जाचा विजेचा ग्राइंडर कितीतरी महाग पडतो. तोटा? एका डबल शॉटला मिनिटभर हात फिरवावा लागतो, हलक्या भाजणीच्या बिया असतील तर जोरही लागतो. घरात आजी-आजोबांना ते जमणार नसेल, किंवा सकाळी सात माणसांची कॉफी होत असेल, तर विजेचा घ्या. नाहीतर व्यायाम समजा.

आणि एक. आपल्या मराठी घरात कॉफीला जायफळ लागतं. ते लागू दे, पण जायफळ, वेलची कधीही या ग्राइंडरमध्ये टाकू नका. तेल आणि वास बरमध्ये बसतो, मग महिनाभर प्रत्येक कप जायफळाचा. चिकोरीही नाही, साखरही नाही. जायफळ किसणीवर, बिया ग्राइंडरमध्ये.

छोट्या दुकानासाठी: आधी कप मोजा

आता धंद्याचं बोलू. ग्राइंडर निवडायच्या आधी कागद घ्या.

समजा, सोमवार ते शुक्रवार रोज १२ कप आणि शनिवार-रविवारी रोज ५० कप. आठवड्याचे १६० कप. प्रत्येकी १८ ग्रॅम धरले तर २,८८० ग्रॅम, म्हणजे तीन किलोला थोडं कमी. वर्षाचे साधारण १५० किलो. पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्यावर गर्दी कमी, म्हणजे प्रत्यक्षात याहून कमीच.

गर्दीचा तास धरा: रविवारी संध्याकाळी पाच ते सहा, २० कप. म्हणजे दर तीन मिनिटांना एक. ५० ते ६४ मिलिमीटरचे चपटे बर असलेला ग्राइंडर एका डबल शॉटची पूड साधारण १०-१५ सेकंदांत काढतो. म्हणजे गर्दीच्या तासालाही तो बहुतेक वेळ रिकामाच उभा राहणार. मग शहरातल्या मोठ्या कॅफेतला, तासाला शंभर कप ओढणारा राक्षस तुम्हाला कशाला? त्याच्या आत दर वेळी पूड अडकून राहते. शहरात पुढचा कप लगेच असतो, ती पूड खपते. आपल्याकडे मंगळवारी दोन कपांत दीड तासाचं अंतर असतं. ती शिळी पूड एकतर फेका, नाहीतर गिऱ्हाइकाला पाजा.

एकीकडे हे, दुसरीकडे घरगुती छोटा ग्राइंडर दुकानात लावणं. तेही नको. घरगुती यंत्राच्या माहितीपत्रकात 'सलग किती सेकंद चालवा, मग किती वेळ थांबा' लिहिलेलं असतं. रविवारी तुम्ही ते पाळणार नाही, मोटर तापून बंद पडणार, आणि दुकानात वापरला म्हणून वॉरंटी नाकारली जाऊ शकते. म्हणून मधला गट: ५० ते ६४ मिलिमीटर, खाचा नसलेला, बटण दाबून ठरलेले सेकंद दळणारा. फ्लॉरेन्सच्या युरेका कंपनीची मिन्योन मालिका, किंवा एकेक डोस तोलून टाकायचे डीएफ ६४ सारखे ग्राइंडर या गटात येतात. डोस तोलून टाकणारे घरी आणि कमी गर्दीत छान, शिळ्या पुडीचा प्रश्नच नाही. पण रविवारी एकच माणूस काउंटरवर असेल तर प्रत्येक कपाला तोलत बसणं परवडत नाही. वर बियांचं भांडं असलेला बरा.

आता पैशाचा खरा हिशोब. समजा बिया १,२०० रुपये किलो. सकाळी ग्राइंडर जुळवताना चांगल्या यंत्रावर दोन-तीन शॉट वाया जातात, ते धरूनच चालायचं. पण अंतर नीट बदलता येत नाही, बदललं तरी तिथे टिकत नाही, अशा यंत्रावर आणखी पाच शॉट गेले तर ९० ग्रॅम, म्हणजे दिवसाला १०८ रुपये. वर्षात ३०० दिवस धरले तर ३२,४०० रुपये. स्वस्त आणि बऱ्या ग्राइंडरमधला फरक तुम्ही असा वर्षभर ओट्यावर सांडत असता. हे बिलात दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाहीत. रेस्टॉरंट सेवेवर ५ टक्के जीएसटी लावणाऱ्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे ग्राइंडरच्या बिलावरचा जीएसटी तुमच्या खिशातूनच गेला. किमतीची तुलना कर धरूनच करा. मुद्रा योजनेत शिशु गट ५० हजारांपर्यंत आणि किशोर ५ लाखांपर्यंत आहे. मिळतंय म्हणून पाच लाखांचं यंत्र घ्यायचं नसतं. हप्ता जुलैमध्येही भरायचा असतो, तेव्हा किनाऱ्यावर कुत्रं नसतं.

काही जण म्हणतात, वाढवण बंदर येतंय, मोठंच घेऊन ठेवू. बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. गावात त्यावर दोन मतं आहेत, मच्छीमार बांधवांचा विरोध आपण सगळे जाणतो, तो विषय या लेखाचा नाही. धंद्यापुरतं एवढंच: उद्याच्या गिऱ्हाइकासाठी आज कर्ज काढू नका. ग्राइंडर मोठा करणं सोपं आहे, जुना विकून नवा आणता येतो. हप्ता लहान करणं सोपं नाही.

आपली हवा, आपली वीज

परदेशी व्हिडिओत हे सापडणार नाही. आपली हवा खारट आणि दमट. खिडकीची ग्रिल दोन वर्षांत गंजते तिथे स्टीलच्या बरचं काय होईल? म्हणून समुद्राच्या बाजूच्या उघड्या काउंटरवर ग्राइंडर रात्रभर ठेवू नका. वरच्या भांड्यात तास-दोन तासांपुरत्याच बिया टाका, बाकीच्या हवाबंद डब्यात. बिया हवेतला ओलावा ओढतात आणि मग कालची सेटिंग आज चालत नाही. पावसाळ्यात दिवसातून दोनदा वेळ तपासा: घड्याळ लावा, शॉट काढा, २५-३० सेकंदांत आहे का बघा.

सफाई रोज कोरड्या ब्रशने. आठवड्यातून एकदा बर उघडून. स्टीलचे बर पाण्याने धुवायचे नाहीत. कच्चे तांदूळ फिरवून साफ करायचा जुगाडही नको, कॉफीच्या भाजलेल्या बियांपेक्षा तांदूळ फार टणक, मोटरवर ताण येतो. हिवाळ्यात कोरडी हवा असली की पूड इकडेतिकडे चिकटते, उडते. एकेक डोस टाकत असाल तर बियांवर पाण्याचा एक थेंब चोळा, बराच फरक पडतो. भरलेल्या भांड्यात मात्र पाणी नको.

वीज गेली की मशीन बंद. त्याचा हीटरच हजार वॅटच्या वर असतो, घरच्या इन्व्हर्टरचं ते काम नाही. मग इन्व्हर्टरवर एकटा ग्राइंडर चालवून काय उपयोग? त्यापेक्षा एक हातग्राइंडर आणि गॅसवरचा मोका पॉट कोपऱ्यात ठेवा. पूड एस्प्रेसोपेक्षा जरा जाडी ठेवा. दुकान बंद आहे असं सांगण्यापेक्षा हे बरं. ग्राइंडर बिघडला तर तोच हातग्राइंडर दोन दिवस भागवतो.

"पण गिऱ्हाइकाला ग्राइंडर दिसतच नाही"

हा मुद्दा मला नेहमी ऐकवला जातो, आणि त्यात तथ्य आहे. लोक फोटो चकचकीत मशीनचा काढतात. पण फोटो एकदाच काढतात. दुसऱ्यांदा ते चवीसाठी येतात, आणि आपल्याकडे होमस्टेचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं तरच धंदा आहे.

दुसरा मुद्दा, "दळलेली पूडच आणली तर?" घरी, दुहेरी तळाच्या बास्केटचं छोटं मशीन असेल तर खुशाल आणा, ते मशीन त्यासाठीच बनलंय. दुकानात नको. दळल्यावर वास भराभर उडतो, आणि मुख्य म्हणजे पाकिटातली पूड जाडी निघाली तर तुमच्या हातात काही उरत नाही.

तिसरा, "जुना घेतला तर?" जरूर बघा. मुंबईत कॅफे बंद पडतात तेव्हा त्यांचे ग्राइंडर विकायला येतात. मॅझर सुपर जॉलीसारखा ६४ मिलिमीटरचा जुना इटालियन ग्राइंडर नवे बर टाकून वर्षानुवर्षं चालतो. फक्त पूड अडकण्याचा जो तोटा वर सांगितला तो त्यात आहे, हे धरून किंमत करा.

पैसे देण्याआधी विचारायचं ते

• अंतर बदलायला खाचा आहेत का? एस्प्रेसोच्या पट्ट्यात किती?
• बर स्टीलचे आहेत का, आणि सुटे मिळतात का? किंमत काय, किती दिवसांत? बर झिजतात. जातं टाकवून घ्यावं लागायचं तसंच, फक्त इथे बदलावे लागतात.
• दुरुस्ती कुठे? "कंपनीला पाठवा" हे उत्तर नाही. डहाणू लोकलने नेऊन मुंबईत दुरुस्त होतो का?
• २३० व्होल्ट, सिंगल फेज आहे का? परदेशातून नातेवाइकाने आणलेला ११० व्होल्टचा असू शकतो.
• माझ्यासमोर दळून दाखवाल का? तुमच्या स्वतःच्या बिया घेऊन जा. तीन शॉट सारख्या वेळात निघाले पाहिजेत. मग सेटिंग थोडी बदला, परत मूळ जागी आणा, वेळ तीच येते का बघा.
• जुना असेल तर वीज काढून बर उघडा, दातांच्या कडा बोटाला लागतात का बघा. फिरता भाग हातात धरून हलवा, खुळखुळला तर बेअरिंग गेलंय.

यातल्या दोन प्रश्नांनाही विक्रेता टाळाटाळ करत असेल तर खाली उतरा, चहा प्या, घरी या.

एक लाखाचं एकूण बजेट असेल तर लोक ऐंशी हजार मशीनला आणि वीस हजार ग्राइंडरला देतात. मी म्हणते, निम्मे-निम्मे करा. आणि उरलेल्या आयुष्यात वजनकाटा आणि घड्याळ या दोन स्वस्त वस्तूंवर विश्वास ठेवा.

तुमचे आठवड्याचे कप आणि गर्दीचा तास लिहून पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही हिशोब आपण फळ्यावर मांडू. मशीनचं नाव मात्र इतक्यात विचारू नका!